मालकखाऊ भोवरा

देवाशपथ सांगते, खंडोबाची शपथ घेऊन सांगते, आणि तेवढंही कमी पडत असेल तर माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ, यातला एक शब्दसुद्धा खोटा नाही. मागं मी तुम्हाला आमची म्हैस आमच्या विहिरीत पडून पुकळ्यांच्या विहिरीतून बाहेर आल्याचं सांगितलं होतं, ते सोडून द्या. हे खरं आहे.

तर त्या सोमवारी सकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, गाजऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. गाजऱ्या म्हणजे आमच्या चांदी गाईचा गोऱ्हा. पक्का खिलार, नुकताच दोन दातांवर, म्हणजे वयात, आलेला. लहानपणी वाफ्यातली गाजरं मुळासकट उपटून खायचा, म्हणून ते नाव. मामंजींचा हात फिरत फिरत वशिंडाच्या मागं आला आणि थांबला. त्यांनी बोटानं केस उलगडले, डोळे मिटले, आणि नाडी बघून वैद्य करतो तसलं तोंड केलं.

"मालकखाऊ," ते म्हणाले. "वशिंडामागं डावा भोवरा. ह्यो धनी खानार."

गोठ्याचा कारभार मामंजींनी आदल्याच वर्षी ह्यांच्याकडं दिला होता, त्यामुळं धनी म्हणजे आमचे हे. हे त्या वेळी ओट्यावर बसून भाकरी खात होते. चौथी. जाण्याची काही चिन्हं दिसत नव्हती.

माझ्या मामंजींना गुरांतलं फार कळायचं. माणदेशातल्या कुठल्याही बाजारात त्यांना बोलावणं यायचं. बैलाच्या अंगावर बत्तीस खुणा असतात आणि त्यातल्या एकतीस भोवऱ्याच्या, असं त्यांचं शास्त्र होतं. बैल चालतो कसा, खातो किती, त्याची आई दूध देत होती की नुसतीच लाथा देत होती, या बारीकसारीक गोष्टींत ते पडत नसत. आणि शास्त्र नुसतं गुरांपुरतं नव्हतं. बाईच्या डोक्यात दोन भोवरे असले की तिला दुसरं कुंकू लागतं, म्हणजे पहिला नवरा जातो, हे त्यांनी भावकीतली तीन स्थळं मोडून सिद्ध केलं होतं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला अंगणात दोनदा चालायला लावलं होतं, तळपाय बघितले होते, दात बघितले होते. वशिंड नसल्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत, तेवढा त्यांचा मोठेपणा.

गाजऱ्याची परीक्षा त्या दिवशीच का, तर गावचा जुना वळू गेल्या पावसाळ्यात मेला होता आणि नवा निवडायचा होता. आमच्या वाडीची रीत अशी, की गावाला वळू एकच. तो ठरला की आठवड्याच्या आत बाकी सगळे वयात आलेले गोऱ्हे खच्ची करायचे, म्हणजे गावातल्या गाईंना मिसळ वासरं होत नाहीत. रीत चांगली होती. वळू नीट निवडला तर गाव तरतं. वाईट निवडला तर दहा वर्षं गाव वाकड्या पायांच्या वासरांमागं फिरतं, कारण दुसरा शिल्लकच नसतो.

आणि मला तर गाजऱ्याच वळू व्हायला हवा होता. लाड म्हणून नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई, चांदी, छावणीपर्यंत आठ कोस आपल्या पायांनी चालत गेली आणि आपल्या पायांनीच परत आली. तिथं कडब्याची बुरकुंडं, म्हणजे गुरांनी टाकलेली खोडं, खाऊन तिनं दूध दिलं, आणि दूध असं घट्ट की त्यात भाकरीचा तुकडा उभा राहायचा. बरं, तिरका उभा राहायचा. चांदीची आजी माझ्या सासूबाईंच्या माहेराहून आंदण आलेली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फार बोलायच्या नाहीत. पण गोठ्यात त्या गाईची पाठ खाजवताना मी त्यांना माहेरच्या माणसांची नावं घेताना ऐकलं होतं. गाजऱ्या खच्ची झाला की ते रक्त तिथंच संपत होतं. चांदी म्हातारी झाली होती, तिला आता दुसरा खोंड होणार नव्हता.

त्याच दिवशी दुपारी मारुतीच्या देवळापुढं सरदारची परीक्षा झाली. सरदार हा तात्यासाहेब पुकळ्यांचा बैल. खरसुंडीच्या जत्रेतून ट्रकमध्ये बसून आलेला. पुकळ्यांच्या गड्यांनी सांगितलं की तो रोज बारा अंडी खातो आणि झोपताना त्याच्या अंगावर शाल लागते. तात्यासाहेब गावात वजनदार, त्यामुळं परीक्षेआधीच निकाल सगळ्यांना पाठ होता. तरी परीक्षा व्हायला लागते.

आमच्या गावात पुरुष पुढं आणि बायका मागं, अशी वहिवाट. देवळात, पंक्तीत, मिरवणुकीत. त्या दुपारी या वहिवाटीचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. पुरुषांना सरदारचं तोंड दिसलं, आणि आम्हा बायकांना उरलेलं.

तोंड म्हणाल तर काय सांगू. शिंगं तलवारीसारखी, कान पानासारखे, अंग असं पांढरं की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. मामंजी त्याच्याभोवती अर्धा फेरा घालून आले. अर्धाच, कारण शेपटीकडं बायका उभ्या होत्या आणि बायकांत जाणं बरं दिसत नाही. कपाळावर भोवरा मधोमध, छातीवर भोवरा उजवा, खुणा बत्तीसच्या बत्तीस. लोकांनी माना डोलावल्या.

मागून मला दिसत होतं ते असं. मागचे पाय खांबासारखे ताठ, चालताना गुडघ्याला गुडघा घासत होता. खूर पसरट, मऊ. आमच्या माळावर हा बैल फर्लांगभर चालला असता तर त्याला उचलून आणायला चार माणसं लागली असती. आणि मग माझी नजर आणखी जरा खाली गेली. तिथं देवानं दोन द्यायच्या असतात त्या जागी सरदारला एकच दिली होती.

मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मी पदराआडून एक बोट वर केलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

असला वळू वासरं देतो, नाही असं नाही. पण त्याचे खोंडही तसलेच निपजतात, आणि खोंडांचे खोंडही. हे आम्हाला कुठल्या शास्त्रात वाचावं लागलं नव्हतं, आत्याबाईंच्या माहेरी एकदा घडलं होतं. पण सांगायचं कसं? ज्या शब्दानं ते सांगायचं तो सुनेनं सासऱ्यासमोर काढायचा नाही, आणि सासूनं चारचौघांत काढायचा नाही. ज्यांनी बोलायचं त्यांनी बघितलं नव्हतं, आणि ज्यांनी बघितलं त्यांना बोलायची सोय नव्हती. संध्याकाळी चावडीवर ठरलं. वळू सरदार. गुरुवारी खच्ची करणारा नारबा येणार आणि सगळ्या गोऱ्ह्यांचं काम उरकणार. सुरुवात आमच्यापासून, कारण निवड मामंजींची, तेव्हा मान त्यांचा.

मंगळवारी मी ह्यांना गाठलं. ह्यांच्यासमोर तो शब्द बोलता येत होता, तो मी बोलले. हे लाजले. मग म्हणाले, आबांनी, म्हणजे मामंजींनी, बघितलंय, आबा चुकत नाहीत. मी विचारलं, तुम्ही स्वतः जाऊन बघाल का. तर म्हणाले, पुकळ्यांच्या बैलाच्या मागं जाऊन वाकून बघताना कुणी मला बघितलं तर काय म्हणेल. प्रश्न खोल होता. मी त्यांना भाकरी वाढली.

बुधवारी आत्याबाईंनी जेवताना विषय काढला. सरदारला सगळीकडनं बघितलं का, असं त्यांनी मामंजींना विचारलं. मामंजी म्हणाले, बत्तीस खुणा बघितल्या. आत्याबाई म्हणाल्या, मागनंबी? मामंजी म्हणाले, व्हय, लांबनं दिसला की, शेपटीचा गोंडा काळाभोर हाय. आत्याबाईंनी ताटात आमटी जरा जोरात ओतली, आणि तो विषय तिथं संपला.

गुरुवार उजाडला. मी गोठ्यात शेण काढत होते. गाजऱ्या माझ्या पदराचं टोक चघळत उभा होता, त्याला कसली काळजी. नारबा आला, आपल्या दोन काठ्या आणि दोरी भिंतीला टेकवून ओट्यावर बसला. त्याला चहा दिला. माणूस कामाचा आणि सावकाश, चहा घेतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. मी त्याला दुसरा दिला. मग तिसरा दिला. चौथ्याला तो म्हणाला, वैनी, आता बास, हात थरथरंल. मामंजींनी ह्यांना दावं धरायला सांगितलं. ह्यांनी हातातली भाकरी तोंडात कोंबली आणि गाजऱ्याला अंगणात काढलं. आणखी दोन मिनिटांत त्याला आडवा पाडणार होते.

मी शेणाचे हात धुतले, अंगणाच्या मधोमध आले आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

आता तुम्हाला यात काही वाटणार नाही. तुम्ही पोरी डोकं उघडं टाकून सासऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसता. पण त्या वेळी सुनेचं बोडकं डोकं सासऱ्यानं बघणं म्हणजे दोघांनीही विहीर जवळ करायची. मामंजी गर्रकन वळले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. नारबानं चहाच्या रिकाम्या कपात डोकं घातलं.

"सूनबाई, पदर घे," मामंजी भिंतीला म्हणाले.

"घेते. आदी माजे भोवरे मोजा."

"काय?"

"दोन हैत. बघायला आलता तवा माज्या आयनं येणी घट्ट घालून झाकले व्हते. तुमी तळपाय बघितले, दात बघितले, पर डोस्कं बघायचं राह्यलं. आता गाजऱ्या मालकखाऊ म्हनून त्याला खच्ची करताय, तर मलाबी आजच म्हायेरी धाडा. एका धन्याला दोन-दोन खाणारे कशाला?"

कोंबडीसुद्धा एक पाय वर धरून थांबली. मामंजींची मान भिंतीकडंच होती, पण कान मागं फिरले होते, मी पाहिले.

"आठ वर्सं झाली," मी म्हणाले. "धाडायचं तर आज धाडा. न्हाईतर भोवरा खरा का तुमचा ल्योक खरा, ते ठरवा."

सगळ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांच्या गालात भाकरी होती. हे ती चावायचे थांबले.

"मंजी म्या मरनार?" ह्यांनी विचारलं.

मामंजींना आता अवघड झालं होतं. शास्त्र खरं धरावं तर सून घालवावी लागते, आणि सून आठ वर्षं नांदवून, दोन नातवंडं झाल्यावर घालवली तर भावकी विचारणार, इतकी वर्षं तुम्हाला दिसलं कसं नाही. बरं, वळून एकदा मोजावं, तर सासऱ्यानं सुनेच्या डोक्याकडं बघायचं कसं. त्यांनी भिंतीलाच हाक मारली.

"अगं ए. ऐकतीस का? खरं हाय का ह्ये?"

आत्याबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. माझ्याकडं बघितलं. गाजऱ्याकडं बघितलं, तो आता नारबाची दोरी चघळत होता. मग पदराला हात पुसत सावकाश म्हणाल्या, "दर सुक्करवारी हिच्या डोस्क्याला तेल म्याच लावते. दोन हैत."

"मंग आठ वर्सं बोलली न्हाईस ती?"

"तुमी इचारलं कवा? तुमी सुनंचं डोस्कं बघितलं न्हाई आन् सरदाराचं मागलं बघितलं न्हाई. एक पायजे थितं दोन हैत, आन् दोन पायजेत थितं एकच हाय. आवंदा तुमचं मोजायचंच राह्यलंय."

नारबा हसला नाही, पण त्याचा कप खाली पडला. मामंजींची पाठ ताठ झाली.

"एकच?" त्यांनी विचारलं.

"जाऊन बघा. लांबनं नगं, वाकून बघा."

आत्याबाई आत गेल्या. मी पदर घेतला. मामंजी बराच वेळ भिंत बघत राहिले, त्या भिंतीवर इतकं बघण्यासारखं काही नव्हतं. मग काठी घेऊन एकटेच पुकळ्यांच्या गोठ्याकडं गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. म्हणजे नीट वाकले होते.

ते थेट गाजऱ्याकडं आले. पाठीवर हात ठेवला, वशिंडामागं बोट फिरवलं, डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो.

"उजवा हाय," ते म्हणाले. "त्या दिशी उनाची तिरीप व्हती, मला डावा वाटला. धनवाढव्या भोवरा हाय ह्यो. लाखात एक."

भोवरा तोच होता. तीन दिवसांत मालक खायचा सोडून मालकाला वाढवायला लागला होता. मामंजींचं शास्त्र फार खोल, त्यात भोवराही पश्चात्ताप करू शकायचा. नारबानं दोरी गुंडाळली आणि विचारलं, मंग माझं काय काम? आत्याबाईंनी आतून पाचवा चहा पाठवला.

संध्याकाळी चावडीवर मामंजींनी सरदारचा प्रश्न मिटवला, तोही असा की तात्यासाहेब त्यांच्या पाया पडायचेच काय ते बाकी राहिले. सरदारच्या खुणा इतक्या दैवी आहेत, ते म्हणाले, की त्याला गाईंमागं पिटाळणं म्हणजे पाप. असला बैल मिरवणुकीचा. त्याला रेशमी झूल घालावी, देवापुढं चालवावा, आणि गावाच्या कामाला आपला साधा गाजऱ्या आहेच. तात्यासाहेबांनी मोठ्या मनानं मान्य केलं. सरदार पुढं सात वर्षं मिरवला. देवळापासून वेशीपर्यंत जायचा आणि वेशीपासून परत ट्रकमधून यायचा.

गाजऱ्या नऊ वर्षं गावचा वळू होता. त्याचे खोंड कुळवाला दिवसभर चालले, त्याच्या कालवडींनी दुष्काळी सालात दूध दिलं, आणि एकही मारकी निघाली नाही. त्याचा भोवरा इतका पसरला की आता चार गावांत वशिंडामागं भोवरा नसलेला बैल दाखवला तर गिऱ्हाईक विचारतं, हा कुठला परका. मामंजी जाईपर्यंत बाजारात सांगत राहिले की गाजऱ्याची खूण त्यांनी पहिल्या नजरेत ओळखली होती. आम्ही कुणी त्यांना अडवलं नाही. बत्तीस खुणांत त्यांनी एक वाढवली मात्र. कुठलाही बैल असो, ते आधी मागं जायचे आणि वाकायचे. बायका असल्या तरी जायचे.

आणि हे? हे त्या दिवसापासून आठवडाभर भाकरी जपून खात होते. मग विसरले. आज ऐंशी पार केली, अजून चार भाकरी लागतात. दोन भोवऱ्यांच्या बायकोबरोबर अठ्ठावन्न वर्षं संसार करून टिकलो, हे पाहुण्यारावळ्यांना ते स्वतः सांगतात, लढाईवरून आल्यासारखं. मी मान खाली घालून ऐकते.

आता शपथ घेतलीच आहे, तर एक कबूल करून टाकते. सगळं खरं आहे, पण त्यातला दुसरा भोवरा तेवढा नाही. माझ्या डोक्यात भोवरा एकच आहे, चारचौघींसारखा. दुसरा मी त्या गुरुवारी सकाळी, शेण काढता काढता तयार केला. मामंजी वळून बघणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण आत्याबाईंना विचारतील, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या तेव्हा मी मनातल्या मनात माहेरचं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आत्याबाईंनी मला नेहमीसारखं पुढ्यात बसवलं, केस सोडले, टाळूवर तेल ओतलं. त्यांचा अंगठा माझ्या एकुलत्या एका भोवऱ्यावरून गोल गोल फिरत राहिला.

मग म्हणाल्या, "दुसरा जरा लवकर उगवून घे गं. भावकीतल्या जावा बघायला येतील."